ग्रॅमला तीन पैसे, किलोला अठ्ठावीस रुपये

समजा, शनिवार पेठेतल्या एका किराणा दुकानात मिठाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक किलोच्या पिशवीवर किंमत आहे २८ रुपये, अर्ध्या किलोच्या पिशवीवर १४ रुपये. पाचवीतल्या मुलालासुद्धा विचारले तर ते सांगेल, की दोन्हींचा दर एकच आहे. आता अर्ध्या किलोच्या पिशवीवरचा बारीक मजकूर वाचू. किमतीच्या जवळच 'एकक विक्री किंमत' छापलेली असते. नियमाप्रमाणे तिथे येणारा आकडा आहे : प्रति ग्रॅम रु. ०.०३. ग्रॅमला तीन पैसे म्हणजे हजार ग्रॅमला तीस रुपये. मग शेजारच्या पिशवीतले तेच मीठ अठ्ठावीस रुपये किलो कसे?

दुकानदाराने इथे काही लबाडी केलेली नाही. छापणाऱ्याची चूक नाही, आणि वजनमापे तपासणारा निरीक्षक आला तर त्यालाही या पिशवीत दोष सापडणार नाही. किलोमागे दोन रुपयांचा हा फरक नियमानेच निर्माण केला आहे. तो कसा, आणि त्याचा फटका नेमका कोणाला बसतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू. दशांश अपूर्णांक, आसन्न किंमत आणि सार्थ अंक शिकवणाऱ्या शिक्षकांना यात एक तयार धडाही मिळेल.

मणांच्या गोंधळातून किलोकडे

मापे सारखी असावीत ही गरज जुनी आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत बाजारभावांवर नजर ठेवण्याबरोबर गज आणि वजने यांवर सरकारी शिक्का उठवण्याचे कामही होते. पण तो शिक्का एका शहरापुरता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशात 'मण' म्हटल्यावर किती वजन समजायचे, हे गाव विचारल्याशिवाय सांगता येत नसे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेत चालणारा बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. शब्द एक, वस्तू जवळजवळ तिप्पट! त्यात धान्य मापाने मोजायचे की वजनाने, हा वेगळाच प्रश्न. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही आकारमानाची मापे. शेर मात्र वजनाचाही असे.

हा गोंधळ मोडण्यासाठी १९५६ साली संसदेने वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला. त्याआधी १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा येण्याची तयारी सुरू झालीच होती. रुपयाचे शंभर भाग आणि किलोचे हजार भाग एकाच काळात आले, हा योगायोग नव्हता. हिशेब सोपा व्हावा हेच दोन्हींचे प्रयोजन होते. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये ती सक्तीची झाली. पुढे १९७६ चा कायदा, १९७७ चे बंद पाकिटांतल्या मालाचे नियम, १९८५ चा अंमलबजावणीचा कायदा, आणि सध्या लागू असलेला २००९ चा वैध मापन शास्त्र कायदा अशी ही मालिका आहे. शेवटचा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी पाकिटबंद मालाचे नवे नियमही आले.

या कायद्याचे कलम ११ वाचण्यासारखे आहे. कोणीही प्रमाणित एकक सोडून दुसऱ्या एककात भाव सांगू नये, असे ते म्हणते. ही मनाई दरपत्रक, बिल, जाहिरात आणि पाकिटावरचा मजकूर यांना लागू आहेच. पण तोंडाने सांगितलेल्या भावालाही आहे. म्हणजे अक्षरशः वाचले तर 'पावशेर वाटाणे वीस रुपये' असे ओरडणारी भाजीवाली रोज सकाळी गुन्हा करते!

शब्द जुना, माप नवे

तिने खरेच गुन्हा केला आहे का? ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. पण पुण्यात आज 'पावशेर' मागणाऱ्याला २५० ग्रॅमच मिळतात, आणि मागणाऱ्याच्या मनातही तेवढेच असतात. शब्द शेराचा राहिला, वजन मात्र किलोचे झाले. हीच गोष्ट अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या दुकानांतही दिसते. मुले 'फूटपट्टी' मागतात आणि ३० सेंटिमीटरची पट्टी घेऊन घरी जातात. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. नऊवारी लुगड्याचे नाव बदलून 'सव्वाआठमीटरी' करा, असे म्हणणारा निरीक्षक अजून जन्माला आलेला नाही, आणि तो न जन्मलेलाच बरा.

भाषा मापांपेक्षा सावकाश चालते. ऐकणारा आणि बोलणारा या दोघांच्या मनात एकच राशी असेल, तर शब्दाने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते एका शब्दामागे दोन राशी उभ्या असतात तेव्हा. 'तोळा' हे याचे चांगले उदाहरण. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा भाव मात्र दहा ग्रॅमचा सांगितला जातो आणि बोलताना त्यालाच तोळा म्हणतात. आजीच्या पाटल्या 'चार तोळ्यांच्या' असतील, तर त्या ४० ग्रॅम की साडेसेहेचाळीस ग्रॅम, हे विचारून घेतलेले बरे. इथे शब्दाला पैशांचे मोल आहे, म्हणून इथे ग्रॅमचा आग्रह धरलाच पाहिजे.

इंग्लंडमध्ये हा आग्रह कोर्टापर्यंत गेला. सन २००० पासून तिथे सुट्या मालालाही मेट्रिक वजने लागू झाली. संडरलंडच्या स्टीव्हन थॉबर्न या फळविक्रेत्याने पौंड-औंसाच्या काट्यावर केळी विकणे चालूच ठेवले. एप्रिल २००१ मध्ये तो दोषी ठरला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये वरच्या न्यायालयातही हरला. वर्तमानपत्रांनी त्याला 'मेट्रिक हुतात्मा' केले. आपल्याकडे असा हुतात्मा निघाला नाही, याचे एक कारण हे असावे, की जुनी मापे इथे इतकी नाना प्रकारची होती, की त्यांतल्या कोणा एकासाठी साऱ्या देशाने भांडावे असे काही उरलेच नव्हते.

अक्षरांची शिस्त

पाकिटांच्या बाबतीत मात्र नियम कडक आहेत आणि ते असायलाही हवेत. एक किलोपेक्षा कमी वजन ग्रॅममध्ये, एक किलो किंवा अधिक असेल तर किलोग्रॅममध्ये लिहायचे. चिन्हे आंतरराष्ट्रीय पद्धतीची वापरायची. आकड्यांची कमीत कमी उंची किती मिलिमीटर असावी, तेही ठरलेले आहे. ग्रॅमसाठी फक्त लहान लिपीतले 'जी' हे एकच रोमन अक्षर लिहायचे. त्याला 'एम' जोडायचा नाही, अनेकवचनाचा 'एस' लावायचा नाही. किलोचा 'के' लहानच हवा.

पुष्कळांना हा कर्मठपणा वाटतो. शिक्षकांनी मात्र मुलांना त्यामागचा अर्थ सांगावा. मोठ्या लिपीतला 'के' हे तापमानाच्या केल्विनचे चिन्ह आहे. किलोग्रॅम लिहिताना तो वापरला, तर शास्त्राच्या भाषेत 'केल्विन-ग्रॅम' असे काही तरी भलतेच होते. ग्रॅमच्या चिन्हाला 'एम' जोडला तर 'ग्रॅम-मीटर' होतो. सर्वांत मोठी गंमत मिलिलिटरची. लहान 'एम' म्हणजे हजारावा भाग, मोठा 'एम' म्हणजे दहा लाख पट. दोहोंत फरक शंभर कोटी पटींचा. तेलाच्या पिशवीवर पाचशेपुढे मोठा 'एम' छापला, तर त्या पिशवीत ५० कोटी लिटर तेल आहे असा अर्थ होतो!

अर्थात, असे लिहिल्याने कोणताही गिऱ्हाईक फसत नाही. पाचशे 'जीएम' म्हणजे पाचशे ग्रॅम हे सर्वांना कळते. चिन्हाचा दोष पाकीट फोडावे न लागता, काटा न आणता, नुसत्या डोळ्यांनी सापडतो, म्हणून तो पकडणे सोपे. जे सहज दिसते तेच तपासण्याकडे कोणत्याही तपासणीचा कल असतो. शाळेच्या तपासणीचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. नियमाचा खरा कस लागतो तो दुसरीकडे. गिऱ्हाइकाला दोन वस्तूंच्या भावांची तुलना करता येते का? मेट्रिक पद्धत आणली ती याचसाठी.

ठरावीक आकार गेले, एकक किंमत आली

२०११ च्या नियमांना एक दुसरी अनुसूची जोडलेली होती. चहा, कॉफी, बिस्किटे, पाव अशा काही नेहमीच्या वस्तू ठरावीक वजनांच्या पाकिटांतच विकाव्यात, असे तिच्यात सांगितले होते. त्यामुळे दोन कंपन्यांची सारख्या वजनाची पाकिटे शेजारी ठेवून नुसती किंमत पाहिली तरी तुलना होत असे. २०२१ च्या दुरुस्तीने ही अनुसूची काढून टाकली. आता कोणी ४८ ग्रॅमचे पाकीट काढो, कोणी ५२ ग्रॅमचे. उत्पादकाला ही मोकळीक देणे काही गैर नाही. ठरावीक आकारांचा जाच त्यालाही होताच. पण गिऱ्हाइकाच्या हातून तुलनेचे एक साधन गेले. त्याच्या बदल्यात याच दुरुस्तीने एकक विक्री किंमत छापणे आवश्यक केले. म्हणजे हा आकडा जुन्या अनुसूचीच्या जागी आलेला पहारेकरी आहे. तो जागा आहे की नाही, हे पाहणे आपले काम.

नियम असा : निव्वळ वजन एक किलोहून कमी असेल तर किंमत दर ग्रॅमला सांगायची, एक किलोहून अधिक असेल तर दर किलोला. लिटर-मिलिलिटर आणि मीटर-सेंटिमीटर यांचेही तसेच. आकडा रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. पाकीट बरोबर एक किलोचे असेल तर त्याची किंमत हीच एकक किंमत.

वाचताना यात काही खटकत नाही. खटकते ते हिशेब मांडल्यावर.

अर्ध्या पैशाचे पाच रुपये

दोन दशांश स्थळे म्हणजे पैशापर्यंत अचूकता. आकडा जवळच्या पैशावर आणताना जास्तीत जास्त अर्ध्या पैशाची चूक होते. अर्धा पैसा ही क्षुल्लक गोष्ट वाटते; पण ती दर ग्रॅममागे आहे. किलोमागे हजार ग्रॅम, म्हणून चूक पाचशे पैशांपर्यंत, म्हणजे पाच रुपयांपर्यंत जाते.

आता हे पाच रुपये कशाच्या मानाने, ते पाहू. सहाशे रुपये किलोच्या चहात पाच रुपये म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. सोडून द्यावी अशी चूक. साठ रुपये किलोच्या मालात तीच चूक आठ टक्क्यांच्या पुढे जाते. आपल्या उदाहरणातल्या मिठाचा खरा दर ग्रॅमला ०.०२८ रुपये. तो ०.०३ झाला, म्हणजे सात टक्के वाढला. मीठ २४ रुपये किलोचे असते, तर ०.०२४ चे ०.०२ झाले असते आणि दर जवळजवळ सतरा टक्के कमी दिसला असता.

या चुकीची तुलना दुसऱ्या एका आकड्याशी करण्यासारखी आहे. पाकिटात भरलेल्या वजनात किती फरक चालेल, हे याच नियमांत दिलेले आहे. ५०० ग्रॅमच्या पाकिटाला ही सूट १५ ग्रॅमची, म्हणजे तीन टक्क्यांची आहे. एखाद्या पाकिटात त्याहून कमी माल निघाला तर तो दोष ठरतो. थोडक्यात, यंत्राने माल भरताना तीन टक्क्यांपेक्षा जास्त चुकू नये अशी अपेक्षा, आणि भावाचा भागाकार करताना सात टक्के चुकले तरी तो नियम पाळणे!

चूक नुसती असती तरी एक वेळ चालले असते; पण ती निवड उलटी करू शकते. पोह्यांची अर्ध्या किलोची पिशवी ३२ रुपयांना आणि एक किलोची ६२ रुपयांना आहे असे धरा. अर्ध्या किलोवर छापलेली एकक किंमत येईल ग्रॅमला ०.०६. जो गिऱ्हाईक काळजीपूर्वक तो आकडा वाचून हजाराने गुणील, त्याला दर दिसेल ६० रुपये किलो. मोठ्या पिशवीवर ६२. म्हणून तो लहान पिशव्या घेईल. प्रत्यक्षात लहान पिशवीचा दर आहे ६४ रुपये. ज्याने आकडा वाचलाच नाही त्याचे काही बिघडले नाही. ज्याने वाचला तोच किलोमागे दोन रुपयांना बुडाला.

आणि ज्या लबाडीवर पहारा ठेवायचा, तीही या आकड्याच्या हाती लागत नाही. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यात ५२ ग्रॅम माल असेल तर एकक किंमत येते ०.०९६, म्हणजे छापताना ०.१०. पुढे किंमत तीच ठेवून माल ४८ ग्रॅमवर आणला, तर ०.१०४, म्हणजे छापताना पुन्हा ०.१०. माल जवळजवळ आठ टक्क्यांनी घटला, आणि छापील दर जागचा हलला नाही.

दोष कोठे आहे

दोन दशांश स्थळे कमी पडतात, म्हणून तीन किंवा चार करावीत, असे चटकन सुचते. त्याने चूक कमी होईल हे खरे, पण ०.०२८ आणि ०.०३१ असले आकडे पाहून बाजारात कोणाला काय उमगणार? खरा दोष आहे तो एककाच्या निवडीत. पिशवीच्या आकारावरून एकक बदलणे ही मुळातली चूक. ज्या दोन वस्तूंची तुलना करायची त्यांचे एकक एकच असले पाहिजे, हे आपण चौथीच्या वर्गात शिकवतो. लहान पिशवीला ग्रॅम आणि मोठ्या पिशवीला किलो असे एकक लावल्यावर नेमकी तीच तुलना अवघड होते, जी गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त करावी लागते : लहान पिशवी स्वस्त की मोठी?

एकक मालाच्या जातीवरून ठरावे. मीठ, साखर, पीठ, डाळ, तेल यांना सर्वत्र किलो किंवा लिटर. पिशवी १०० ग्रॅमची असो की पाच किलोची. केशरासारख्या वस्तूला ग्रॅम. युरोपातल्या देशांनी १९९८ साली एकक किमतीविषयी जो निर्देश स्वीकारला, त्यात किलो, लिटर, मीटर हीच मुख्य एकके ठेवली आहेत, आणि ज्या मालाची रूढ राशी वेगळी असेल तिथेच दुसऱ्या एककाला वाव दिला आहे. हे करायला जास्त शाई लागत नाही. 'रु. ०.०३ प्रति ग्रॅम' याऐवजी 'रु. २८ प्रति किलो' एवढेच छापायचे. वाचायलाही तेच सोपे. कारण भाजीपासून धान्यापर्यंत सर्व भाव आपल्या डोक्यात किलोचेच असतात.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. पैशांची नाणी व्यवहारातून जवळजवळ गेली, मग पैशांच्या अपूर्णांकासाठी एवढा खल कशाला? याचे उत्तर असे, की एकक किंमत मोजून द्यायची नसते, ती ताडून पाहायची असते. पेट्रोलचा भाव लिटरला पैशांपर्यंत सांगतात, तेव्हा दोन दशांश स्थळे पुरतात, कारण तिथे एकक लिटर आहे. त्याच पेट्रोलचा भाव मिलिलिटरला सांगू लागलो, तर भाव दोन-चार रुपयांनी वाढला तरी फलकावरचा आकडा तोच राहील.

आणखी एक उणीव आहे. पाकिटावरची एकक किंमत काढलेली असते ती कमाल किरकोळ किमतीवरून, आणि ती छापतो माल भरणारा. दुकानात सूट दिली की ती निरुपयोगी. सुट्या मालाच्या फळीवर तर 'पाव किलो २० रुपये' एवढीच पाटी असते. पाव किलो हे मेट्रिकच, त्यात बेकायदा काही नाही. पण शेजारचा 'किलो ७५' असे लिहितो तेव्हा चारने गुणण्याचे काम गिऱ्हाइकाकडे येते.

वर्गात काय करता येईल

शनिवार पेठेत रमणबाग आणि अहिल्यादेवी यांसारख्या जुन्या शाळा आहेत आणि चालत पाच मिनिटांवर दुकानांची दाटी आहे. पण हा प्रयोग कोणत्याही गावी होईल. मुलांना घरून रिकामी पाकिटे आणायला सांगावीत. वहीत पाच रकाने आखावेत : वस्तू, निव्वळ वजन, किंमत, छापलेली एकक किंमत, आणि स्वतः काढलेला किलोचा दर. छापलेला आकडा हजाराने गुणून शेवटच्या रकान्याशी ताडावा आणि चूक टक्क्यांत काढावी. मग पाकिटे दरानुसार स्वस्त ते महाग अशी लावावीत. चूक कोणत्या टोकाला मोठी आहे, हे मुलांनीच सांगावे. आपण सांगू नये. वरच्या वर्गांतल्या मुलांना पुढचा प्रश्न विचारावा : मिठाच्या दरात सार्थ अंक किती उरले आणि चहाच्या दरात किती? ०.०३ मध्ये एक, ०.६० मध्ये दोन. दशांश स्थळे सारखी असली तरी अचूकता सारखी नसते, हे पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा या एका ओळीने चांगले पटते.

तक्ता तयार झाला की तो वर्गातच ठेवू नये. महाराष्ट्रात वैध मापन शास्त्र नियंत्रकांची यंत्रणा आहे, आणि ग्राहक चळवळीचे एक मूळ तर पुण्यातच आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात. नियम करणारे केंद्र सरकार असले, तरी मुलांच्या सहीचा, आकड्यांनिशी लिहिलेला अर्ज दोन्हीकडे पाठवता येतो. त्यात कोणत्याही दुकानदाराची वा कंपनीची तक्रार नको. त्यांनी नियम पाळलेला आहे. तक्रार आहे ती नियमाच्या भागाकाराची.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बसवली आहे. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यात काही मायक्रोग्रॅमची चलबिचल असावी अशी शंका आल्यावर जगाने मूळ व्याख्याच बदलली. तोच किलो पेठेतल्या दुकानात पोहोचेपर्यंत त्याच्या भावात सात, आठ, कधी सतरा टक्क्यांची चूक नियमाने खपते. आणि ती सर्वांना सारखी वाटून येत नाही. माल जितका स्वस्त तितकी ती मोठी. चहा आणि बदाम घेणाऱ्याला छापील आकडा जवळजवळ खरे सांगतो. ज्याच्या हातात रोजच्या कमाईतून मिठाची, पिठाची, पोह्यांची लहानशी पिशवी येते, त्याला तोच आकडा चुकीची माहिती देतो. आणि दोन रुपयांचा हिशेब करण्याची खरी गरज असते ती त्यालाच.